तिसरी गंजी

झांस्करच्या खोऱ्यात मोटाररस्ता पोहोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. हे खोरं लडाखात आहे, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. तिथल्या एका गावात एक म्हातारा घोडेवाला राहत होता. त्याच्याकडे चार घोडे आणि दोन घोड्या होत्या. उन्हाळाभर तो त्यांच्यावर ओझी लादून खिंडीपलीकडे जाई आणि परत येई. हिवाळा लागला की पेन्सी-ला खिंड बर्फाने बंद होई. ती जूनच्या सुमारास उघडे. तेवढे महिने घोडे घरीच असत. बाहेर गवताची काडी मिळत नसे. जे खायचं ते घराच्या धाब्यावर रचलेलं.

एका वर्षी सुगीच्या दिवसांत म्हाताऱ्याकडे एक मुलगा काम शिकायला आला. अंगाने काटक, मनाने हळवा. तो म्हाताऱ्याला मेमे-ले म्हणे. तिकडे आजोबांना असंच हाकारतात. म्हातारा त्याला नोनो म्हणे, घरातल्या धाकट्याला म्हणतात तसं.

पहिलं काम गवत वर चढवण्याचं होतं. नदीकाठच्या कुरणातलं गवत, शेताच्या बांधावरची लसूणघास, वाटाण्याचा पाला, जवाचं काड. सगळं वाळवून, भारे बांधून, पाठीवरच्या टोपलीतून शिडीने धाब्यावर न्यायचं. म्हाताऱ्याने त्याच्या तीन गंज्या रचल्या. पहिली शिडीजवळ. दुसरी मधोमध, सगळ्यांत मोठी. तिसरी लहानशी, अगदी कोपऱ्यात. तिच्यात फक्त कुरणातलं गवत होतं, चांगलं वाळलेलं, बारीक काडीचं. तिच्यावर त्याने काटेरी फांद्या टाकल्या आणि फांद्यांवर दगड ठेवले.

“मेमे-ले, ही वेगळी का?” मुलाने विचारलं.

“ही शेवटी लागते,” म्हातारा म्हणाला. “हिला मधे हात लावायचा नाही.”

मुलाने मान डोलावली.

पहिला बर्फ पडला. घोडे आत आले. मुलगा वर गेला आणि कवेत मावेल तेवढं गवत घेऊन खाली उतरू लागला. म्हाताऱ्याने त्याला शिडीखाली अडवलं. भिंतीवरचा दांडीचा काटा काढला आणि गवत तोलायला सांगितलं.

“कव भरून दिलं तर काय बिघडलं?”

“आज तू कुरणातलं गवत उचललंस. उद्या लसूणघास उचलशील. कव तेवढीच राहील, वजन वाढेल. घोड्याच्या पोटात कव जात नाही, वजन जातं.”

मग म्हाताऱ्याने त्याला एकेका घोड्यापाशी नेलं. ही जनावरं ठेंगणी असतात, अंगाने भरीव. आजच्या मापात सांगायचं तर तीनशे किलोच्या आसपास. असा घोडा काही काम न करता उभा असेल, तर त्याला दिवसाला सहा किलोच्या आसपास वाळलं गवत पुरतं. पण सहाही घोड्यांना एकच माप नव्हतं. अबलख घोडा वाऱ्यावर पोसल्यासारखा जाडा होई, त्याला कमी. कुमैत तरणा आणि खादाड होता. त्याला सहा, पण तीन वेळांत वाटून. काळी घोडी गाभण होती. तिला आता नेहमीएवढं, शेवटच्या तीन महिन्यांत जास्त. पांढरी घोडी म्हातारी होती, तिच्या दाढा झिजलेल्या. ती गवत चघळे आणि अर्धवट चावलेले बोळे खाली टाकी. तिचं गवत बारीक कापून, कोमट पाण्यात भिजवून द्यायचं. उरलेल्या दोघांना आपलं नेहमीचं.

“आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस,” म्हातारा म्हणाला. “हिवाळ्यात केस इतके वाढतात की हाडाचा सापळासुद्धा गुटगुटीत दिसतो. हात लाव. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण शोधाव्या लागल्या पाहिजेत.”

मुलगा रोज काटा धरू लागला. रोज बरगड्या चाचपू लागला. पहिली गंजी सरली.

मग मोठी थंडी आली. नदी गोठली. रात्री खालच्या गोठ्यात घोड्यांच्या श्वासाचं दव भिंतीवर गोठे. तेव्हा म्हाताऱ्याने प्रत्येकाचं गवत किलोभर वाढवलं आणि वाढवलेला हिस्सा रात्री द्यायला सांगितला.

“दाणा वाढवू या का?” मुलाने विचारलं. घरात जव होता.

“दाण्याने ताकद येते. ऊब येते ती चाऱ्याने. घोड्याच्या पोटात शेगडी असते, नोनो. वाळलं गवत हे तिचं जळण. ते आत हळूहळू कुजत राहतं आणि रात्रभर ऊब देतं.”

म्हाताऱ्याने हे कुठे वाचलेलं नव्हतं, पण ते खरं आहे. घोड्याचं मोठं आतडं फार मोठं असतं. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. घोड्याला स्वतःला न पचणारी गवताची काडी ते फोडतात, आणि ते काम चालू असताना उष्णता निघते. थंडीत घोडा उभ्या उभ्या थरथरत असेल, तर त्याच्यापुढे आधी गवत टाकावं.

लोसरचा सण होऊन गेला. दुसरी गंजीही खाली बसू लागली. म्हाताऱ्याने गवतात जवाचं काड मिसळायला सुरुवात केली. घोडे काड बाजूला सारून गवत शोधत. एका रात्री फार वारा सुटला. कुमैत दावणीशी पाय आपटत राहिला. मुलाला ते बघवेना.

“मेमे-ले, तिसरी गंजी उघडू या. याहून वाईट दिवस कोणता यायचाय?”

“यायचाय,” म्हातारा म्हणाला. त्याने आपली घोंगडी कुमैताच्या पाठीवर टाकली आणि तो झोपायला गेला.

मुलाला तो कठोर वाटला. गावातल्या काहींनाही तसंच वाटे. पण पलीकडच्या घरातली म्हातारी आबी चारा मागायला आली, तेव्हा म्हाताऱ्याने तिला दुसऱ्या गंजीतले दोन भारे दिले. तिच्याकडे झोंची जोडी होती. झो म्हणजे याक आणि गाय यांचं संकरित जनावर. तिकडे नांगराला ते जुंपत. दोन भारे दिले, त्याबद्दल काही मागितलं नाही. तिसऱ्या गंजीकडे मात्र पाहिलंही नाही.

दिवस मोठे होऊ लागले. घोड्यांचे केस झडू लागले. हात फिरवला की पुंजकाच हाती येई. गावातली माणसं घरात साठवून ठेवलेली माती शेतांवरच्या बर्फावर टाकू लागली. माती ऊन धरून ठेवते आणि बर्फ लवकर वितळतो. थंडीसाठी वाढवलेला किलो म्हाताऱ्याने उतरवायला घेतला. एकदम नाही. आज ओंजळभर, चार दिवसांनी आणखी ओंजळभर. अबलखाचं आधी कमी केलं. काळ्या घोडीचं कमी न करता वाढवलं, कारण तिच्या पोटातलं शिंगरू आता भराभर वाढत होतं. पांढऱ्या घोडीच्या बरगड्या हाताला सहज लागत होत्या. तिचं तसंच ठेवलं.

मे महिन्यात निरोप आला. दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावात म्हाताऱ्याची मुलगी बाळंत झाली होती. म्हातारा निघाला.

“काट्यावर आज जे चाललंय तेच ठेव,” तो मुलाला म्हणाला. “दुसऱ्या गंजीत पंधरा दिवसांचं आहे. मी त्याआधी येतो. तिसरीचं मी आल्यावर बघू.”

म्हातारा गेला आणि ऊन तापलं. त्या वर्षी ऊन लवकर तापलं. नदीकाठचा बर्फ चार दिवसांत गेला. आठवड्याभरात कुरणावर हिरवी झाक आली, आणि नंतर ती झाक राहिली नाही, गवतच झालं. बोटभर उंच, दाट, ओलं. मुलगा धाब्यावरून ते बघत राहिला. सात महिन्यांनी हिरवा रंग दिसत होता.

तेवढ्यात शेजारची आबी आली.

“नोनो, माझी जोडी नांगराला उभी राहत नाही रे. पेरणीची पाळी परवावर आलीय. टोपलीभर चारा असेल तर दे. उन्हाळ्यात लोणी देईन.”

मुलगा वर गेला. दुसऱ्या गंजीत थोडं उरलं होतं. त्याने तिसऱ्या गंजीकडे पाहिलं. शेवटी लागते, असं मेमे-ले म्हणाले होते. पण शेवट तर झाला होता. बर्फ गेला होता, थंडी गेली होती, खाली कुरण हिरवं पडलं होतं. हिवाळा पार पडला आणि गंजी उरली, याचा त्याला आनंद झाला. त्याने दगड बाजूला काढले, काट्या उचलल्या आणि सगळी गंजी आबीच्या घरी पोहोचवली.

“अरे, एवढं?” आबी म्हणाली.

“आमच्या घोड्यांना आता कशाला लागतंय, आबी-ले? त्यांना हिरवं मिळणार.”

त्याची चूक लोभाची नव्हती. आळसाचीही नव्हती. त्याने एका गरजू बाईला दिलं आणि मुक्या जनावरांना सुख द्यायचं ठरवलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते चांगल्या मनाच्या हातूनच झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने सगळे घोडे सोडले. त्यांना वाळलं काही घातलं नाही. पोटात हिरव्यासाठी जागा राहावी म्हणून. रात्री दहिवर पडलं होतं. पात्यांवर पांढरा थर होता आणि आभाळ निरभ्र होतं. घोडे कुरणात शिरले आणि त्यांनी माना खाली घातल्या. दिवसभर त्यांनी त्या वर केल्या नाहीत. मुलगा दगडावर बसून त्यांच्याकडे बघत होता. इतका समाधानाचा दिवस त्याने त्या वर्षात पाहिला नव्हता.

संध्याकाळी घोड्यांची लीद पातळ झाली. हिरव्याने होतंच, असं मुलाला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना पुन्हा सोडलं.

दुसऱ्या रात्री कुमैत पुढच्या पायाने जमीन उकरू लागला. मान वळवून तो आपल्या कुशीकडे बघे, खाली बसे, उठे, परत बसे आणि लोळे. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. मुलाने त्याच्या कुशीला कान लावला. नेहमी तिथे गुडगुड ऐकू येई. आता काही ऐकू येत नव्हतं. माणसाचं पोट बिघडलं तर ओकून मोकळं होता येतं. घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जावं लागतं, नाहीतर तो मरतो.

मुलाने गावच्या वैद्याला उठवलं. वैद्याने घोड्याचं पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या.

“खायला काही देऊ नकोस. त्याला हळूहळू चालव. लोळू देऊ नकोस.”

मुलगा रात्रभर कुमैताला घराभोवती चालवत राहिला. पहाटे घोड्याने वारा सोडला, मग लीद टाकली. मुलगा तिथेच मटकन खाली बसला.

पण उजाडल्यावर त्याने अबलखाला पाहिलं. अबलख उभा होता, पण त्याचं उभं राहणं वेगळं होतं. पुढचे पाय पुढे ताणलेले, अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर. मुलाने त्याला ओढलं. तो एक पाऊल टाकी आणि थांबे, जणू जमीन तापलेली आहे. मुलाने पुढच्या खुरांवर हात ठेवला. खूर गरम होते. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं, तर नाडी ठणठण उडत होती.

त्याच दिवशी दुपारी म्हातारा परतला. अंगणात आला, अबलखाकडे एकदा बघितलं आणि पाठीवरची टोपली खाली ठेवली.

“किती दिवस चरले?”

“दोन.”

“तिसरी गंजी कुठे आहे?”

मुलाने सांगितलं.

म्हातारा रागावला नाही. रागवायला वेळ नव्हता. बर्फाचं पाणी वाहत होतं त्या ओहळात त्याने अबलखाला नेऊन उभं केलं. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. खुरांतली आग उतरेपर्यंत त्याला तिथेच ठेवायचं होतं. मुलाला त्याने गावात धाडलं.

“घरोघर जा. वाळलं गवत माग. जे देतील ते आण.”

मुलगा घरोघर गेला. मे महिन्याची अखेर. कुणाच्याच धाब्यावर काही नव्हतं. कुणी कवभर दिलं, कुणी मूठभर. आबीकडे गेला तेव्हा तिच्या झोंनी अर्धी गंजी संपवली होती. उरलेली तिने न बोलता परत दिली. एका घरात धाब्याच्या तळाशी राहिलेला मोठा भारा मिळाला. मुलगा आनंदाने तो घेऊन आला. म्हाताऱ्याने तो उकलला, वास घेतला आणि ओढ्यात फेकून दिला. त्याला बुरशी आली होती.

“पण आपल्याकडे काहीच नाहीये!”

“काही नसलं तरी हे नाही,” म्हातारा म्हणाला.

तरीही गवत पुरेना. म्हाताऱ्याने घरातला दोन पोती जव उचलला, वरच्या गावात नेला आणि त्याच्या बदल्यात वाळलं गवत आणलं. तो जव त्यांच्या स्वतःच्या खाण्याचा होता.

रात्री दोघं ओहळाकाठी बसले. अबलख पाण्यात उभा होता.

“मेमे-ले,” मुलगा म्हणाला, “मला वाटलं बर्फ वितळला तोच शेवट.”

“जमिनीवरचा बर्फ वितळला. घोड्याच्या पोटात अजून हिवाळाच होता.”

मुलगा गप्प राहिला.

“मी तुला शेवटी लागते एवढंच सांगितलं,” म्हातारा म्हणाला. “शेवट कुठे असतो ते सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझी. ऊठ, तुला एक दाखवतो.”

तो त्याला कुरणात घेऊन गेला. दहिवर पडायला लागलं होतं. म्हाताऱ्याने एक पातं बुडाशी तोडलं आणि मुलाच्या हातात दिलं.

“चाव.”

मुलाने चावलं. ते गोड होतं.

त्या गोडीतच सगळं होतं. गवत दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि रात्री ती वाढीसाठी खर्च करतं. पण रात्री गोठवणारी थंडी पडली तर गवत वाढत नाही, आणि साखर पात्यातच राहते. म्हणून दहिवराच्या सकाळी, स्वच्छ उन्हात उभं असलेलं कोवळं गवत सगळ्यांत गोड असतं, आणि घोड्याला सगळ्यांत घातक. हिवाळाभर वाळल्या काडीवर काम करणारे पोटातले जीव ही साखर एकाएकी आली की सांभाळू शकत नाहीत. ते मरतात, दुसरेच वाढतात, पोट आंबतं. त्याचं विष खुरांपर्यंत जातं आणि खुराच्या आतला नाजूक थर सुजतो. बाहेरचा खूर टणक असतो. सुजेला पसरायला जागा मिळत नाही. घोड्याचं सगळं वजन त्या सुजेवर येतं. शिवाय कोवळ्या गवतात पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणीच असतं. घोडा दिवसभर खातो, तरी त्याच्या पोटातल्या शेगडीला काडी मिळत नाही.

म्हाताऱ्याला यातलं एवढंच माहीत होतं की गोड झालेल्या गवतावर उपाशी घोडा सोडायचा नाही. तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मुलाला हात धरून शिकवलं. अबलख आणि कुमैत आतच राहिले, नुसत्या वाळल्या गवतावर. बाकीच्या चौघांना सकाळी आधी वाळलं घातलं. पोटं भरली, दहिवर उतरलं, पाती सुकली, मग त्यांना कुरणात नेलं. म्हाताऱ्याने चुलीवर चहाचं भांडं चढवलं आणि चहा उकळला तसं मुलाला हाक मारली.

“आण परत.”

“एवढ्यात?”

“एवढ्यातच.”

घोडे यायला तयार नव्हते. मुलाला एकेकाला ओढून आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी भांडं दोनदा उकळेपर्यंत चरू दिलं. मग थोडं आणखी. जेवढा वेळ कुरणात वाढे, तेवढं काट्यावरचं गवत थोडं कमी होई. आज ओंजळ, उद्या ओंजळ. ज्या दिवशी लीद पातळ दिसे, त्या दिवशी म्हातारा पुढे जात नसे. कालचंच माप ठेवी. ज्या रात्री कडाक्याची थंडी पडे, त्याच्या सकाळी घोडे बाहेर काढतच नसे. असे तीन आठवडे गेले. तेव्हा कुठे चार घोडे दिवसभर हिरव्यावर राहू लागले. कुमैताला आणखी आठवडाभर लागला. काळी घोडी त्यातच व्याली. शिंगरू धडधाकट होतं.

अबलख वाचला. पण त्या उन्हाळ्यात त्याच्यावर ओझं चढलं नाही. म्हातारा पाच जनावरं घेऊन खिंडीपलीकडे जाऊ लागला, त्यातली एक म्हातारी आणि एक लेकुरवाळी. कमाई निम्म्यावर आली. मुलगा मागे राहून अबलखाला सांभाळे. काही आठवड्यांनी खुराच्या वरच्या कडेला त्याला आडवा वळ दिसला, बोटाला लागेल असा उंचवटा. खूर वाढत होता तसा तो वळ महिन्या-महिन्याने खाली सरकत होता.

सुगी आली. धाब्यावर पुन्हा तीन गंज्या चढल्या. तिसरी मुलाने स्वतः रचली. मग एके सकाळी तो विळा घेऊन समोरच्या कड्यावर गेला. तिथे गवत विरळ होतं आणि उतार धोक्याचा, म्हणून गावातलं कुणी तिथे जात नसे. तो रोज जाऊ लागला. पंधरवड्याने धाब्यावर एक चौथी गंजी उभी राहिली, तिसरीहून लहान.

“ही कशाला?” म्हाताऱ्याने विचारलं.

“आबी-लेंच्या झोंना,” मुलगा म्हणाला. “त्यांना पेरणीच्या आधी लागतंच.”

म्हातारा काही बोलला नाही. त्याने त्या गंजीवर स्वतःच्या हाताने दगड ठेवले.

हिवाळा आला आणि गेला. कुरण हिरवं झालं. आबी टोपली घेऊन आली, तेव्हा मुलगा काट्यावर गवत तोलत होता. सहा घोडे दावणीला उभे होते, आणि त्यांच्या नाकाशी कोवळ्या गवताचा वास येत होता. मुलाने चौथी गंजी तिच्या टोपलीत रिकामी करायला घेतली.

आबीने कुरणाकडे पाहिलं, मग काट्याकडे.

“कुरण एवढं हिरवं पडलंय, आणि तू अजून वाळलं तोलत बसलायस?”

“हिवाळा सगळेच जपतात, आबी-ले. हिवाळा सरतो तेव्हाचे पहिले दिवसही जपावे लागतात. त्यांच्यासाठी शिदोरी वेगळी ठेवावी लागते.”

आबीने टोपली पाठीवर घेतली. दाराशी थांबून तिने विचारलं, “झोंनाही असंच करू का?”

“करा. पहिल्या दिवशी चहा उकळेपर्यंत. आधी वाळलं घाला.”

जूनमध्ये खिंड उघडली. नालबंद आला. अबलखाच्या खुरावरचा वळ आता अगदी जमिनीशी पोहोचला होता. नालबंदाने तो कापून काढला, खूर घासून सपाट केला आणि नाल ठोकले. अबलख चारही पायांवर सरळ उभा राहिला. म्हाताऱ्याने दोन्ही बाजूंची ओझी त्याच्यापाशी आणून ठेवली. मुलाने त्यांतलं निम्मं काढून आपल्या पाठीवर घेतलं आणि उरलेलं निम्मं अबलखावर चढवलं. तीन आठवड्यांनी, तिसऱ्या फेरीला, त्याने त्याच्यावर पुरतं ओझं लादलं.